अ‍ॅडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर आणि हृदय प्रत्यारोपण: फेलोशिप सुरू करणाऱ्यांसाठी

कार्डिऑलॉजीचं शिक्षण संपत आलं की बहुतेकांचे पाय अँजिओप्लास्टीकडे वळतात. हार्ट फेल्युअर निवडणारे त्या मानाने थोडे, आणि त्यांना वाट दाखवणारं मराठी लिखाण त्याहून थोडं. ज्यांनी ही शाखा घ्यायचं ठरवलंय, किंवा फेलोशिपचे पहिले महिने ज्यांच्या अंगावर येतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या कामात हाताचं कसब लागतं, औषधांचं ज्ञान लागतं, पण ज्याच्यासाठी वेगळं वर्ष द्यावं लागतं ते म्हणजे वेळ ओळखणं. पेशंट अजून गोळ्यांवर सावरू शकत असताना हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप (एलव्हीएडी) बसवला, तर त्याला आपण नाहक मोठ्या शस्त्रक्रियेच्या जोखमीत ढकलतो. तोच पेशंट काही महिने उशिरा पोचला, तर किडनी, यकृत, अंगातलं मांस, सगळंच हातचं गेलेलं असतं. मग उत्तम सर्जन आणि उत्तम हृदय मिळूनही तो वाचेल याची खात्री नाही. पुढे जे जे लिहिलंय ते शेवटी याच निर्णयाच्या कामी येतं.

केंद्र निवडताना

स्वतंत्र उपशाखा म्हणून हिचं वय लहान आहे. अमेरिकेत २००८ मध्ये तिला वेगळी मान्यता मिळाली आणि २०१० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. तिथला क्रम असा: इंटर्नल मेडिसिन ३ वर्षं, कार्डिऑलॉजी ३ वर्षं आणि त्यानंतर हे १ वर्ष. बाकी देशांत नावं आणि कालावधी बदलतात, काम तेच राहतं.

वर्षाला किती प्रत्यारोपणं होतात हा आकडा सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला आणखी काही विचारा. राइट हार्ट कॅथ (शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचे आणि फुप्फुस धमनीचे दाब मोजणं) आणि बायोप्सी (हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासणं) फेलो स्वतः करतो की बाजूला उभा राहून बघतो? डोनरचा फोन आधी फेलोला येतो का? पंपाचे पेशंट ओपीडीत कोण बघतं? आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: प्रत्यारोपण होऊन १०-१५ वर्षं झालेले पेशंट तिथे तपासणीला येतात का? शस्त्रक्रिया चांगली झाली की नाही हे आठवड्याभरात कळतं. निर्णय चांगला होता की नाही हे जुने पेशंट सांगतात. ही सगळी उत्तरं विभागप्रमुखांपेक्षा आधीच्या फेलोंकडून खरी मिळतात, म्हणून दोघा-तिघांना फोन कराच.

आधी साधं हार्ट फेल्युअर पक्कं करा

'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शिक्का मारण्याआधी, जे बरं होऊ शकतं ते बरं करून पाहिलंय का, हे तपासायची जबाबदारी तुमची असते. चार औषधगट, म्हणजे एआरएनआय, बीटा ब्लॉकर, एमआरए आणि एसजीएलटी-२ इनहिबिटर, खरोखर पेलतील तेवढ्या डोसपर्यंत गेलेत का? डाव्या बंडल ब्रँच ब्लॉकला सीआरटी (दोन्ही व्हेंट्रिकल एकत्र चालवणारा पेसमेकर) मिळालंय का? एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके महिनोन्‌महिने १३० वर धावत होते का? थायरॉइड, लोहाची कमतरता, दारू, बाळंतपणानंतरची कार्डिओमायोपॅथी, हे सगळं डोळ्यांखालून गेलं पाहिजे.

दोन आजार मुद्दाम लक्षात ठेवा. वयस्कर माणूस, जाड भिंतींचं हृदय, ईसीजीत मात्र छोटे व्होल्टेज, आणि मागे दोन्ही हातांना कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झालेली, असं चित्र दिसलं की अमायलॉइडचा (हृदयात विकृत प्रथिन साचण्याचा) विचार करा. पायरोफॉस्फेट स्कॅन वाचण्याआधी फ्री लाइट चेन आणि इम्युनोफिक्सेशन मागवा. ते न करता नुसत्या स्कॅनवर विसंबलात तर एएल प्रकार निसटतो, आणि त्याला केमोथेरपी तातडीने लागते. दुसरा आजार जायंट सेल मायोकार्डायटिस. काही दिवसांत कोसळणारा तरुण पेशंट, सोबत व्हेन्ट्रिक्युलर टॅकिकार्डिया किंवा हार्ट ब्लॉक, असं दिसलं तर बायोप्सी उद्यावर ढकलू नका.

कॅथचे आकडे वाचायला शिका

माझ्या मते फेलोशिपचा पाया इथेच घातला जातो. राइट हार्ट कॅथ करायला सोपं आणि चुकीचं वाचायला त्याहून सोपं. ट्रान्सड्यूसरचं शून्य छातीच्या मध्यपातळीवर लावा. १० सेंटिमीटर वर-खाली झालं की साधारण ७ मिलिमीटर पाऱ्याइतका फरक पडतो. दाब उच्छ्वासाच्या शेवटी वाचा, मॉनिटर छापून देतो ती सरासरी उचलू नका. वेजमध्ये, म्हणजे फुप्फुस धमनीच्या फांदीत फुगा अडकवून मिळणाऱ्या डाव्या बाजूच्या दाबात, मोठी व्ही लाट असेल तर ती कुठे संपते ते बघा, नाहीतर फुप्फुस धमनीचाच दाब वेज म्हणून लिहाल. कार्डियाक आउटपुट काढायच्या फिक पद्धतीत ऑक्सिजनचा वापर बहुतेक ठिकाणी मोजलेला नसतो, गृहीत धरलेला असतो, म्हणून थर्मोडायल्युशनशी (थंड द्रव सोडून आउटपुट मोजायची पद्धत) ताडून बघायची सवय ठेवा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर पेशंट टेबलावर असतानाच कारण शोधा.

आता उदाहरण घेऊ. फुप्फुस धमनीचा सरासरी दाब ४२, वेज २६, कार्डियाक आउटपुट मिनिटाला ३.२ लिटर. ४२ मधून २६ वजा केले की उरतो १६ चा ट्रान्सपल्मोनरी ग्रेडियंट, त्याला ३.२ ने भागलं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रोध येतो ५ वुड युनिट. या पेशंटला आज नवं हृदय बसवलं तर त्याची उजवी बाजू एवढ्या रोधापुढे टेबलावरच हात टेकू शकते, कारण देणाऱ्याच्या शरीरात तिने असा दाब कधी पेललेला नसतो. म्हणून तिथेच नायट्रोप्रुसाइड (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू करून डोस हळूहळू वाढवायचा. समजा काही वेळाने आकडे असे आले: सरासरी २८, वेज १६, आउटपुट ४.८. रोध २.५ वर आला. दरवाजा उघडा आहे. मात्र हे घडताना सिस्टॉलिक रक्तदाब ८५ च्या खाली गेला असेल, तर तो २.५ फसवा आहे. जोखीम तशीच राहते. रोध खाली आलाच नाही तर काही दिवस शिरेतून औषधं देऊन पुन्हा मोजतात, किंवा डाव्या बाजूला पंप बसवून काही महिन्यांनी. डावी बाजू मोकळी झाली की अनेकांचा रोध उतरतो.

पंपाचा विचार असेल तर नजर उजव्या बाजूकडे न्या. फुप्फुस धमनीचा सिस्टॉलिक दाब वजा डायस्टॉलिक, भागिले उजव्या कर्णिकेचा दाब, याला पीएपीआय म्हणतात. ४८ आणि २८ मधला फरक २०, उजव्या कर्णिकेत १८, म्हणजे उत्तर १.१. पंपानंतर उजवी बाजू फसण्याच्या अभ्यासांत १.८५ ही रेघ पुढे आली. एका आकड्यावर कोणी शस्त्रक्रिया ठरवत नाही, पण १.१ दिसल्यावर सर्जनशी बोलणं आदल्या दिवशीच व्हायला हवं.

ही गणितं सुरुवातीला रोज हाताने करा. मशीन उत्तर देतंच, पण हाताने भागाकार करताना चुकीचा आकडा डोळ्यांत खुपतो.

वेळ झाली हे कसं ओळखायचं

खुणा फार साध्या असतात, म्हणूनच त्या निसटतात. वर्षात दुसऱ्यांदा भरती. लघवीच्या औषधाचा डोस वाढत चाललाय. पूर्वी चालणारा बीटा ब्लॉकर रक्तदाब पडतो म्हणून कमी करावा लागला. क्रिएटिनिन सरकतंय, सोडियम उतरतंय, डिफिब्रिलेटरने शॉक दिला, भूक गेली, वजन घटलं. हे सगळं सोबत येईलच असं नाही, आणि पेशंट तर 'मी ठीक आहे' म्हणतो, कारण त्याने जिने चढणं कधीच सोडून दिलेलं असतं. तेव्हा 'दम लागतो का' असं विचारू नका. 'सहा महिन्यांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही असं काय आहे?' हे विचारा. सोबत आलेल्या माणसालाही तेच वेगळं विचारा.

मोजमाप म्हणून कार्डिओपल्मोनरी एक्सरसाइज टेस्ट शिका. पीक व्हीओटू (पूर्ण जोर लावल्यावर शरीर वापरतं तो ऑक्सिजन, मिनिटाला दर किलोमागे मिलिलिटरमध्ये) बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत १२ किंवा कमी, न घेणाऱ्यांत १४ किंवा कमी, ही प्रत्यारोपणाच्या विचारासाठीची रूढ रेषा आहे. रिपोर्टमध्ये आधी आरईआर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) बघा, १.०५ च्या वर गेलेला नसेल तर पेशंटने पूर्ण जोर लावलेला नाही, आणि त्या व्हीओटूवर निर्णय उभा करता येत नाही.

जे फार आजारी आहेत त्यांच्यासाठी इंटरमॅक्सच्या १ ते ७ पातळ्या (१ सर्वांत गंभीर) आणि शॉकसाठी स्काय वर्गीकरणाचे ए ते ई टप्पे (ई सर्वांत गंभीर) आहेत. पाठ करा, पण वापरताना दिशा बघा: काल तिसऱ्या पातळीवर असलेला पेशंट आज दुसरीवर घसरलाय का? घसरण दिसली की लॅक्टेट, लघवी आणि हातापायांची ऊब दर काही तासांनी बघायची, आणि एकमो (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र) किंवा तात्पुरत्या पंपाची चर्चा रात्री दोनला सुरू करण्याऐवजी संध्याकाळच्या राउंडलाच उरकायची.

निवड समितीसमोर पेशंट मांडताना

बहुतेक केंद्रांत आठवड्यातून एकदा बैठक होते. कार्डिऑलॉजिस्ट, सर्जन, संसर्गतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, समाजसेवा विभाग, कोऑर्डिनेटर सगळे असतात. नवा फेलो इथे सगळा इतिहास वाचत बसतो आणि लोकांचं लक्ष उडतं. पहिल्याच वाक्यात प्रश्न ठेवा: '५२ वर्षांचे गृहस्थ, इस्केमिक कार्डिओमायोपॅथी, मिल्रिनोनवर तीन आठवडे, आज लिस्टिंगचा निर्णय हवा आहे, मुख्य अडचण किडनी.' मग अडचणीचा तपशील, कॅथचे आकडे, अँटिबॉडीची पातळी आणि घरी सांभाळणारं कोण आहे.

या शेवटच्या मुद्द्याला कमी लेखू नका. प्रत्यारोपणानंतर रोजची औषधं, सततच्या तपासण्या आणि पहिल्या काही महिन्यांत रुग्णालयाच्या चकरा हे एकट्याने निभत नाही. पण 'घरी आधार नाही' एवढं लिहून फाइल मिटवणं मला मान्य नाही. कोणाकोणाला विचारलं, कोणती मदत जुळवता येईल, हे शोधून मगच बैठकीत बसा. गरिबी आणि एकटेपणा वैद्यकीय कारण असल्यासारखे नोंदवले जाऊ नयेत, यासाठी बोलणारं कोणीतरी त्या खोलीत लागतं, आणि पेशंटजवळ सर्वांत जास्त वेळ घालवलेला माणूस बहुधा फेलोच असतो.

समितीने नाही म्हटलं तर कारण आणि काय बदललं तर पुन्हा विचार होईल, हे दोन्ही लिहून ठेवा. वजन, सिगारेट, साखर ही कारणं बदलता येण्यासारखी असतात.

पंपाचा पेशंट

पंपांची वाटचाल थोडक्यात माहीत हवी. २००१ च्या रीमॅच अभ्यासात प्रत्यारोपण शक्य नसलेल्यांपैकी पंपावरचे ५२ टक्के वर्षभर जगले, औषधांवरचे २५ टक्के. पुढे सलग प्रवाहाचे पंप आले. मोमेंटम-३ अभ्यासात हार्टमेट-३ वरच्या पेशंटांचं ५ वर्षांचं जगणं ५८ टक्क्यांच्या आसपास होतं, हार्टमेट-२ वर ४४. एचव्हीएडी या पंपाची विक्री २०२१ मध्ये थांबली, पण तो बसवलेले पेशंट तुम्हाला भेटू शकतात, म्हणून त्याचा कंट्रोलरही ओळखीचा हवा.

पहिल्यांदा असा पेशंट तपासताना हात आपोआप मनगटावर जातो आणि तिथे बहुतेकदा काही लागत नाही. पेशंट मात्र समोर बसून गप्पा मारत असतो. स्टेथोस्कोप छातीवर ठेवा, पंपाची सलग गुणगुण ऐकू येईल. रक्तदाबासाठी कोपराच्या वळणात डॉप्लरची पेन्सिल धरा, कफ फुगवा आणि हळूहळू सोडा. जिथे आवाज सुरू होतो तो आकडा. तो साधारण ७० ते ९० च्या दरम्यान हवा, वर गेला तर स्ट्रोकची भीती. बोटावरचा ऑक्सिमीटर चुकू शकतो. मग ड्रेसिंग काढून ड्राइव्हलाइन (पंपाची वायर) बाहेर येते ती जागा स्वतः बघा. लाली, ओल, वायर ओढली गेल्याच्या खुणा. दुसऱ्याने लिहिलेल्या 'साइट स्वच्छ' या नोंदीवर थांबू नका.

स्क्रीनवर वेग, पॉवर, फ्लो आणि पल्सॅटिलिटी दिसतात. यातला फ्लो मोजलेला नसतो. वेग, पॉवर आणि तुम्ही भरलेला हिमॅटोक्रिट यांवरून तो काढलेला अंदाज असतो. लो-फ्लो अलार्म वाजला की वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा. पंपात रक्तच कमी पोचत असेल, म्हणजे रक्तस्राव, शरीरातलं पाणी कमी होणं, उजवी बाजू फसणं, टॅम्पोनेड (हृदयाभोवती रक्त साचून पडणारा दाब), तर वेग वाढवल्याने डावं व्हेंट्रिकल आणखी ओढलं जातं. रक्तदाब चढला तरी फ्लो पडतो. आधी कारण, मग बटण.

पेशंट बेशुद्ध सापडला तर नाडीवरून ठरवता येत नाही. गुणगुण ऐका, कंट्रोलरचे अलार्म बघा, जोडण्या आणि बॅटऱ्या तपासा. पंप बंद आहे, तो लगेच सुरू होत नाही आणि शरीराला रक्त मिळत नाही, असं दिसलं तर छाती दाबायला कचरू नका. आणि वीजपुरवठ्याच्या दोन्ही जोडण्या एकाच वेळी कधीही सोडू नका. हे पेशंटला, नातेवाइकांना, रात्रपाळीच्या नर्सला प्रत्येक भेटीत सांगायचं.

रक्तस्राव हा रोजचा प्रश्न आहे. सलग प्रवाहात व्हॉन विलेब्रांड घटक तुटतो, आतड्यात नाजूक रक्तवाहिन्यांचे गुंते तयार होतात, वर वॉरफरिन असतंच. २०२३ च्या एरीज अभ्यासानंतर हार्टमेट-३ मध्ये अ‍ॅस्पिरिन वगळता येतं हे स्पष्ट झालं. गुठळ्या वाढल्या नाहीत, रक्तस्राव घटला.

डोनरचा फोन

फोन बहुधा रात्री येतो. कागदावर आधीच यादी छापून ठेवा: वय, उंची, वजन, रक्तगट, मृत्यूचं कारण, हृदय किती वेळ बंद होतं, इनोट्रोपचे (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांचे) डोस, ईसीजी, इको, ट्रोपोनिन, अँजिओ झाली का, संसर्गाच्या चाचण्या, अंतर. मेंदूमृत्यूच्या वेळी उसळणाऱ्या कॅटेकोलामाइन्समुळे हृदय तात्पुरतं सुन्न होतं, त्यामुळे एकाच खराब इकोवर नकार देऊ नका. काही तासांनी पुन्हा करून घ्या. आकाराची जुळणी नुसत्या वजनावर न करता प्रेडिक्टेड हार्ट मासवर (वय, लिंग, उंची आणि वजनावरून काढलेल्या हृदयाच्या अंदाजित वजनावर) करा. साध्या थंड पेटीत हृदय साधारण ४ तासांच्या आत बसावं असा हिशोब असतो. मशीनवर चालतं ठेवून आणायची सोय झाल्यापासून अंतराचं गणित बदललं आहे.

थोडा इतिहासही जाणून घ्या. क्रिस्टियन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊनमध्ये माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा मेंदूमृत्यूची सर्वमान्य व्याख्या नव्हती. हार्वर्डच्या समितीचे निकष १९६८ चे. रक्ताभिसरण थांबल्यानंतर घेतलेल्या आणि दूरवरून आणलेल्या हृदयाचं प्रौढांतलं यशस्वी प्रत्यारोपण सिडनीत २०१४ मध्ये झालं. या दोन पद्धतींमधला फरक देणाऱ्याच्या नातेवाइकांपर्यंत कोणत्या शब्दांत पोचतो, हे अनुभवी कोऑर्डिनेटरजवळ बसून ऐका. आणि अवयव आणायला जाणाऱ्या पथकाबरोबर एकदा तरी जाच.

प्रत्यारोपणानंतर

पहिल्या २४ तासांतला प्राथमिक ग्राफ्ट (बसवलेल्या हृदयाचा) बिघाड, मग रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं) आणि संसर्ग, पुढच्या वर्षांत ग्राफ्टच्या धमन्यांचा आजार, कर्करोग आणि किडनी, असा भीतीचा क्रम सरकत जातो. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. विश्रांतीतही ठोके ९० ते ११०, अ‍ॅट्रोपिनने वाढत नाहीत, अ‍ॅडिनोसिनला अतिसंवेदनशील. धमन्या बंद होत असतानाही छातीत दुखेलच असं नाही, म्हणून ठरावीक काळाने अँजिओग्राफी, शक्य तिथे आयव्हस (धमनीच्या आतून सोनोग्राफी).

बायोप्सीत हात बसायला वेळ लागतो. बायोटोमचं (तुकडा काढणाऱ्या चिमट्याचं) टोक सेप्टमकडेच आहे याची दोन कोनांतून खात्री करा. मोकळ्या भिंतीला भोक पडलं तर टॅम्पोनेड, आणि ट्रायकस्पिड झडपेचे धागे ओढले गेले तर आयुष्यभराची गळती. पेशीजन्य रिजेक्शनच्या २००४ च्या श्रेणी ०आर ते ३आर अशा आहेत; अँटिबॉडीजन्य रिजेक्शन वेगळं वाचतात. पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून स्लाइड बघा, रिपोर्टातल्या एका अक्षरामागे केवढी शंका असते ते कळतं. बायोप्सी स्वच्छ आणि पेशंट मात्र फुगलेला, अशा वेळी पेशंटवर विश्वास ठेवा.

रिजेक्शन रोखणाऱ्या औषधांत टॅक्रोलिमस सगळ्यांत जास्त फसवतं. त्याची रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसआधी घ्यायची; पेशंट गोळी घेऊन आला तर आकडा उगाच वर दिसतो आणि नवा फेलो डोस कमी करून बसतो. म्हणून आकडा बघितल्याबरोबर पहिला प्रश्न: 'आज गोळी किती वाजता घेतली?' फ्लुकोनॅझोलसारखे अ‍ॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं की लेव्हल चढते, रिफॅम्पिसिनने कोसळते, जुलाबांत चढते. अ‍ॅझोल थांबवताना मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि दोन आठवड्यांनी रिजेक्शन घेऊन पेशंट दारात उभा राहतो. फार्मासिस्टशी मैत्री करा, हे मी मनापासून सांगते. त्याच्या जोडीचं मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, त्यामुळे तरुण स्त्रियांशी ही बोलणी डिस्चार्जआधीच व्हायला हवीत. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) नसलेल्याला सीएमव्ही असलेल्याचं हृदय मिळालं तर प्रतिबंधक औषध पुरेसं लांब द्या, आणि ते थांबवल्यानंतरच्या महिन्यांत पांढऱ्या पेशींवर नजर ठेवा.

बोलणं

पॅलिएटिव्ह टीमला पहिल्या भेटीपासून सोबत घ्या, पंप किंवा प्रत्यारोपण ठरलेलं असलं तरी. पंप बसवण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मोठा स्ट्रोक झाला, शुद्ध परत आली नाही, तर तुम्हाला काय हवं असेल? आयसीयूत नातेवाइकांना हा प्रश्न पहिल्यांदा विचारणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नकार सांगायचा असेल तर बसून सांगा, 'समितीने ठरवलं' याच्या आड लपू नका, आणि पुढची तपासणीची तारीख त्याच भेटीत द्या.

शेवटचे महिने

तुम्ही केलेली कॅथ, बायोप्सी, सांभाळलेले प्रत्यारोपणाचे आणि पंपाचे पेशंट यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा, पेशंटची ओळख न देता. पुढे प्रत्यारोपण केंद्रात जबाबदारी घ्यायची तर ही नोंद मागितली जाते, आणि वर्षाअखेरी आठवून भरलेली यादी कोणालाच पटत नाही. परीक्षेसाठी वेगळा अभ्यास लागतो, पण रोजचे आकडे हाताने सोडवले असतील तर हिमोडायनॅमिक्सचे प्रश्न जड जात नाहीत.

पहिली नोकरी एकट्याने सुरू होणाऱ्या कार्यक्रमात घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. करार करण्याआधी विचारा: डोनरचे फोन किती जण वाटून घेतात? दोन्ही पंप-कोऑर्डिनेटर एकाच वेळी रजेवर गेले तर रात्रीचा अलार्म कोणाकडे जातो? सर्जन किती, आणि रात्री दीड वाजता एखाद्या इकोबद्दल मन द्विधा झालं तर फोन उचलणारा वरिष्ठ कोण? शेवटच्या प्रश्नाला नाव मिळालं नाही, तर दुसरीकडे अर्ज करा.